‘तब्येत सुधारली हं!’



चऱ्होलीतील माझ्या दवाखान्यात शिरले की डाव्या हाताला वजनकाटा आहे. अनेक वर्षे तो तेथेच होता आणि त्याचा रिवाजही ठरलेला होता. आलेला रुग्ण आधी काट्यावर उभा राही, मदतनीस ताई आकडा मोठ्याने सांगत आणि मी तो केसपेपरवर लिहीत असे. या साध्या क्रमात काही चुकत असेल, अशी शंकाही मला कधी आली नव्हती.

काही वर्षांपूर्वी एका सोळा वर्षांच्या मुलीचे वजन असेच मोठ्याने सांगितले गेले. अन्न नाकारण्याच्या आजारावर उपचार घेऊन ती नुकतीच रुग्णालयातून घरी परतली होती. गालांवर थोडा रंग आला होता, हात पूर्वीसारखे गार लागत नव्हते. मला मनापासून आनंद झाला आणि आपण मराठी माणसे अशा वेळी जे म्हणतो तेच मी म्हणाले, “वा, तब्येत सुधारली हं!” तिची आई हसली. मुलगी मात्र खाली पाहत राहिली. त्या रात्रीपासून तिचे जेवण पुन्हा कमी होऊ लागले आणि दीड महिन्यात आम्ही सारे जेथून निघालो होतो तेथेच परत येऊन पोहोचलो.

माझे ते वाक्य तिच्या कानांवर कोणत्या अर्थाने पडले, हे तिने मला वर्षभराने सांगितले. आजचा लेख त्यातूनच सुचला. आहारविकारांची लक्षणे आणि उपचार यांविषयी आम्ही डॉक्टर मंडळी पुष्कळ बोलतो. परंतु ज्याच्यावर उपचार होतात त्याला ते कसे दिसतात, हे आम्ही फारसे विचारत नाही. येथे मी तीन रुग्णांचे अनुभव मांडत आहे. तिघांचीही संमती घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वजनाचे आकडे आणि जेवण टाळण्याच्या क्लृप्त्या मी हेतुपुरस्सर वगळल्या आहेत, कारण या आजाराच्या विळख्यात असलेल्या वाचकाला असे आकडे एखाद्या स्पर्धेसारखे भासतात.

आजाराची तोंडओळख

आहारविकारांचे तीन मुख्य प्रकार सांगता येतील. ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’मध्ये व्यक्ती अन्न नाकारत जाते आणि वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरते. ‘बुलिमिया नर्व्होसा’मध्ये आवर सुटल्यासारखे भरमसाट खाणे होते आणि त्यानंतर ते खाणे शरीराबाहेर काढण्याची किंवा अन्य मार्गाने ‘फेडण्याची’ धडपड चालते. ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’मध्ये तसेच अनावर खाणे होते, परंतु फेडण्याची धडपड नसते, उरते ती केवळ शरम. यांतील पहिला आजार १८७३ साली लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी वैद्यकीय जगापुढे ठेवला. दुसऱ्याला १९७९ साली जेराल्ड रसेल यांनी नाव दिले. तिसऱ्याला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळाले ते २०१३ साली.

हे आजार परदेशी, श्रीमंत घरांतील किंवा केवळ चित्रपटतारकांचे आहेत, असा आपला समज असतो. माझाही होता. इंद्रायणीच्या काठचे आमचे गाव आता पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. वाघेश्वराच्या मंदिराभोवतीची जुनी वस्ती एका बाजूला आणि चाकण-भोसरीच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांच्या सोसायट्या दुसऱ्या बाजूला, असे त्याचे आजचे रूप आहे. अशा गावात सर्दी-खोकला, मधुमेह, कंबरदुखी यांच्या गर्दीत हा आजार माझ्यासमोर येऊन बसला आणि मी त्याला तीन वेळा ओळखले नाही.

तिला उपवासाने झाकले

ही मुलगी प्रथम आली तेव्हा तक्रार पोटाची होती. “दोन घास खाल्ले की पोट फुगतं, पुढे जातच नाही,” असे ती म्हणे. मी आम्लपित्ताचे औषध दिले. दुसऱ्या वेळी भूक वाढवणारे टॉनिक दिले आणि “नीट जेवत जा गं बाळा” असा सल्लाही दिला. पाळी थांबल्याचे आईने सांगितले, तेव्हा मी रक्त व थायरॉईड तपासून घेतले. बारीक होण्याचा विषय ना तिने काढला, ना मी.

माझ्या नजरेसमोर पडदा होता तो उपवासांचा. आळंदी हाकेच्या अंतरावर. घरात वारकरी आजी. दहावीच्या सुट्टीत मुलीने एकादशी धरली, तेव्हा घरातल्यांना कौतुक वाटले. मग संकष्टी आली, सोमवार आला, गुरुवार आला. उपवासाची खिचडी तेलकट म्हणून सुटली, भगर सुटली, शेवटी एका केळ्यावर दिवस निघू लागला. “आमच्या नातीला देवाची ओढ आहे,” असे आजी अभिमानाने सांगत. आजींची श्रद्धा खरी होती आणि उपवास हे काही आजाराचे कारण नव्हे. पण या आजाराला लपायला आडोसा लागतो आणि आमच्या घरांत उपवासाइतका आदरणीय आडोसा दुसरा नाही.

पुढे वाचनात आले, की माझी गल्लत एकटीची नव्हती. १९९५ साली डॉ. सुधीर खंडेलवाल, डॉ. प्रताप शरण आणि डॉ. शेखर सक्सेना यांनी पाच तरुण भारतीय स्त्रियांची प्रकरणे प्रसिद्ध केली. अन्न नाकारणे, उलट्या, वजनातील मोठी घट आणि पाळी बंद होणे, हे सारे त्यांच्यात होते. परंतु पाठ्यपुस्तकात दिलेली स्वतःच्या शरीराविषयीची विकृत प्रतिमा नव्हती. हाँगकाँगमध्ये डॉ. सिंग ली यांनाही ‘जाड होण्याची भीती’ न सांगणारे, केवळ पोट भरल्याची किंवा भूक नसल्याची तक्रार करणारे रुग्ण आढळले होते. पाश्चात्त्य पुस्तकातील प्रश्न विचारला, तर अशी मुलगी ‘नाही’ असेच उत्तर देणार.

तिसऱ्या भेटीत तिची नाडी पाहताना मी घड्याळाकडे दोनदा पाहिले. शांत बसलेल्या मुलीची नाडी मिनिटाला बेचाळीस होती. हातांवर बाळासारखी मऊ लव आली होती. शरीर आपला दिवा बारीक करून तेल वाचवत होते. त्याच दिवशी तिला मोठ्या रुग्णालयात पाठवले.

रुग्णालयातील दिवसांविषयी तिने मला सांगितलेले शब्द जसेच्या तसे लिहिते. “सलाइनची भीती नाही वाटली, मॅडम. ताटाची वाटली. ताट समोर आलं की छाती धडधडायची आणि सगळे म्हणायचे, किती साधी गोष्ट आहे, खा ना.” तेथे कोणीतरी तिला सुनावले होते, की लोकांना खायला मिळत नाही आणि तुला नखरे सुचतात. “त्यांचं खरंच होतं ना,” ती म्हणाली, “म्हणून मला अजून लाज वाटली आणि लाज वाटली की मी अजून कमी खायचे.” उलट तिच्या मनात घर केले ते एका शिकाऊ परिचारिकेने. ही मुलगी जेवणाच्या वेळी तिच्यासमोर बसून स्वतःचा डबा उघडायची आणि टीव्हीवरच्या मालिकेची गोष्ट सांगायची. ताटाकडे बघायचीच नाही. “ती माझ्यासोबत जेवायची. बाकीचे मला जेवताना बघायचे.”

या वाक्याचा विचार मी पुष्कळ दिवस करत होते.

उपाशी मेंदू

दुसरी गोष्ट तिला उपयोगी पडली ती एका जुन्या प्रयोगाची माहिती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा येथे अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवले. युद्धाने उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे, हे त्यांना शोधायचे होते. हे तरुण कोणत्याही आहारविकाराचे रुग्ण नव्हते. तरीही वजन घटत गेले तसे ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. पाककृतींची पुस्तके गोळा करू लागले, जेवण मुद्दाम लांबवत खाऊ लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. पुढे मुबलक अन्न मिळाल्यावरही काहींना किती खाल्ले म्हणजे पुरे, हे कळेनासे झाले होते.

मानसोपचारतज्ज्ञांनी हे सांगितले, तेव्हा चाकणच्या कारखान्यात यंत्रावर काम करणारे तिचे वडील पटकन म्हणाले, “म्हणजे व्होल्टेज कमी आहे. मशीन बिघडलेलं नाही.” मुलीला त्या उपमेचा मोठा आधार वाटला. आपण हट्टी, कृतघ्न किंवा वेडे नसून आपला मेंदू उपाशी आहे, हे तिला प्रथमच कोणीतरी सांगत होते.

येथे कुटुंबांसाठी एक सावधगिरीची सूचना. फार काळ उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर खाऊ घालणे धोक्याचे असते. रक्तातील फॉस्फेट आणि अन्य क्षार झपाट्याने उतरून हृदयावर परिणाम होऊ शकतो. म्हणून सुरुवातीचे अन्न मोजून, रक्ततपासण्या करत, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वाढवावे लागते. ‘चार दिवस मामाकडे पाठवू, तूप-दूध खाऊन ठीक होईल’ हा प्रेमळ उपाय अशा मुलीच्या जिवावर बेतू शकतो.

आई पोलीस झाली तेव्हा

विल्यम गल यांचे मत असे होते, की अशा रुग्णाची देखभाल करण्यास नातेवाईक सर्वांत अयोग्य. पुढची शंभर वर्षे बहुतेक मुलांना घरापासून दूर ठेवूनच उपचार होत राहिले आणि आयांच्या माथी दोष मारला गेला. ही दिशा बदलली ती लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील कामाने. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात असे दिसले, की लहान वयात आजार सुरू झालेल्या आणि आजार फार जुना न झालेल्या रुग्णांना कुटुंबासह केलेल्या उपचारांचा अधिक लाभ होतो. या पद्धतीत प्रथम जेवणाची जबाबदारी आईवडील आपल्या हाती घेतात. मग ती हळूहळू मुलाकडे परत देतात आणि शेवटी त्याच्या वयाला साजेशा जीवनाकडे वळतात. दोष कोणाचा, हा प्रश्न तेथे बाजूला ठेवलेला असतो.

आमच्या मुलीच्या घरी हेच करायचे ठरले. वडिलांनी महिनाभर पाळी बदलून घेतली, म्हणजे रात्रीच्या जेवणाला ते घरी असत. आईने शिवणकाम कमी केले. सर्वांत कठीण गेले ते आजींना. पण आळंदीच्या एका कीर्तनकार नातेवाइकांनी त्यांना समजावले, की आजाऱ्याला उपवास नसतो. तेव्हा त्यांनी स्वतःच नातीची एकादशी सोडवली.

मुलीला हे सारे कसे दिसले? “आई पोलीस झाली होती. मला तिचा राग राग यायचा.” एका रात्री तिने ताट भिरकावले. आमटी भिंतीवर गेली. आईने फरशी पुसली, भिंत पुसली, हात धुतले आणि दुसरे ताट वाढून समोर ठेवले. एक शब्द बोलली नाही. त्या रात्री मुलगी आईशी भांडून झोपली. वर्षभरानंतर मात्र मला म्हणाली, “आईने परत वाढलं नसतं ना, तर मला वाटलं असतं, आता सगळे थकले.”

आणि माझे ते वाक्य? त्याचा उलगडाही तिने त्याच दिवशी केला. मला वाटत होते, ‘तब्येत सुधारली’ म्हणजे ‘जाड झालीस’ असे तिने ऐकले असावे. तेही होतेच, मराठीत या शब्दांना ती छटा आहे. पण तिने आणखी एक गोष्ट सांगितली. “तुम्ही म्हणालात, मला वाटलं, झालं, आता ही बरी झाली असं सगळ्यांनी ठरवलं. आता कोणी विचारणार नाही. आतून तर मी तेव्हाच सगळ्यात वाईट होते.” वजन परत येते तेव्हा मनातली भीती शिगेला पोहोचलेली असते, कारण ज्या गोष्टीला ती घाबरत होती तीच घडत असते. नेमक्या त्याच वेळी नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि डॉक्टर पुढची तारीख लांबची देतात.

पाळी, जिम आणि गप्प बसणे

दुसरा रुग्ण सव्वीस वर्षांचा तरुण. गाव मराठवाड्यात, नोकरी चाकणच्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, राहणे आमच्याकडे तिघा मित्रांसोबत एका खोलीत. आठवड्याआड बदलणारी पाळी आणि उरलेल्या वेळात जिम. त्याला माझ्याकडे पाठवले ते एका दंतवैद्याने. दातांवरचे आवरण झिजलेले पाहून त्यांना शंका आली होती. रक्तात पोटॅशियम कमी निघाले आणि हृदयाचा आलेख काढावा लागला. तेव्हा कुठे त्याने रात्रपाळीनंतरच्या अनावर खाण्याविषयी आणि त्यानंतरच्या उलट्यांविषयी तोंड उघडले.

त्याच्या दृष्टीने उपचारांतील पहिला अडथळा होता एक छापील कागद. समुपदेशनाच्या ठिकाणी भरायला दिलेल्या त्या प्रश्नावलीत मासिक पाळी नियमित आहे का, असा प्रश्न होता. “मला वाटलं, मी चुकीच्या दारात आलोय. बायकांचा आजार मला कसा झाला?” तो तेथून उठून निघून गेला आणि चार महिने फिरकला नाही. पुरुषांनाही हे आजार होतात, एवढे एक वाक्य कोणी आधी सांगितले असते, तर ते चार महिने वाचले असते.

दुसरी अडचण वेळेची. या आजारावरील बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीत ठरावीक अंतराने खाणे हा पाया असतो. फार वेळ उपाशी राहिले, की आवर सुटतो, म्हणून दिवसाचे वेळापत्रक बांधतात. पण ज्याची सकाळ दर आठवड्याला बदलते, त्याने न्याहारी कधी करायची? त्याच्या समुपदेशक ताईंनी तिन्ही पाळ्यांसाठी तीन वेगळी वेळापत्रके करून दिली, कारखान्याच्या कँटीनच्या वेळा विचारून घेतल्या आणि एका आठवड्याआड फोनवर बोलण्याची सोय केली, म्हणजे दर वेळी रजा टाकावी लागू नये. “त्यांनी माझी शिफ्ट विचारली, तेव्हा वाटलं, ह्यांना मी कळलोय,” असे तो म्हणाला.

तिसरी गोष्ट त्याने सांगितली ती मला टोचली. मध्यंतरी तो दोन महिने आला नव्हता. कारण विचारल्यावर म्हणाला, “परत सुरू झालं होतं. तुम्ही एवढं केलं आणि मी परत तेच. कोणत्या तोंडाने यायचं?” मागील भेटीत मी त्याला ‘शाबास, आता मागे वळून पाहायचे नाही’ असे म्हटले होते. मी मागे वळण्याची वाटच बंद करून टाकली होती. आता पहिल्याच भेटीत मी सांगते, की हा आजार अधूनमधून उलटतो आणि तो उलटेल त्या दिवशी तुम्ही अवश्य या.

फ्रिजवरचा कागद

तिसऱ्या रुग्ण एक्केचाळीस वर्षांच्या. गुडघेदुखी, वाढलेली साखर आणि वाढलेले वजन. माझ्याकडे त्या कित्येक वर्षे येत होत्या आणि दर भेटीत मी त्यांना वजनावरून बोलत होते. एकदा आहाराचा तक्ताही दिला. त्यांच्या आजाराचे नाव बिंज ईटिंग डिसऑर्डर आहे, हे फार उशिरा लक्षात आले.

“तुम्ही कागद दिलात. तो मी फ्रिजला लावला,” त्या एकदा शांतपणे म्हणाल्या. “रात्री सगळे झोपल्यावर त्याच फ्रिजसमोर उभी राहून खायचे. कागद समोर असायचा.” दिवसभर तक्त्याप्रमाणे अर्धपोटी राहायचे, सर्वांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खायचे, यजमान रात्रपाळीला गेले की घर शांत व्हायचे आणि मग तो क्षण यायचा. सकाळी पश्चात्ताप म्हणून चहावर राहायचे. माझा तक्ता या चक्राला वंगण घालत होता.

त्यांना उपयोगी पडलेला पहिला उपाय ऐकून त्यांच्या घरच्यांना आश्चर्य वाटले. त्यांनी सकाळी पोटभर न्याहारी करायची होती आणि दुपारी घरातल्यांच्या बरोबरीने ताट वाढून घ्यायचे होते. साखरेच्या गोळ्यांची मात्रा त्याबरोबर जुळवून घेतली. वजनाचा विषय काही महिने बाजूला ठेवला. वजन कमी करण्याचा सल्ला मी पुन्हा दिला असता, तर त्यात त्यांना नवे काही कळले नसते. “वजन कमी करा, हे मला वीस वर्षं माहीत आहे. तुम्ही जेवलात का, हे मला कोणी विचारत नाही. मीच सगळ्यांना विचारते.”

ऐकावे, पण कोणाचे?

आता एक अवघड प्रश्न. रुग्णाच्या बाजूने विचार करा, असे मी म्हणते. मग मुलगी ‘मला दाखल करू नका’ म्हणत होती, तेव्हा तिचे का ऐकले नाही? कारण नाडी बेचाळीसवर होती. अ‍ॅनोरेक्सिया हा मानसिक आजारांतील सर्वाधिक जीवघेण्या आजारांपैकी एक आहे आणि आपण आजारी आहोत हे न पटणे हा त्या आजाराचाच भाग असतो. इच्छेविरुद्ध दाखल झालेल्या अनेक रुग्णांनी नंतर, बरे वाटू लागल्यावर, तो निर्णय आवश्यक होता असे मान्य केल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. आमच्या मुलीनेही ते मान्य केले. मात्र तिने त्याला एक पुस्ती जोडली, “नेलंत ते बरोबर. पण मला न सांगता नेलंत.” तिला ‘साधी तपासणी आहे’ असे सांगून गाडीत बसवले होते. ते मीच सुचवले होते.

निर्णय आपल्याला घ्यावा लागला, तरी तो खरे सांगून घेता येतो. ताट आपण वाढले, तरी आमटी आधी की भात आधी, हे तिला ठरवू देता येते. तिघांचेही मागणे मला शेवटी एवढेच दिसले. उपचार कठोर होते, याची तक्रार त्यांच्यापैकी कोणीही केली नाही. आपल्याला फसवले गेले, लाजवले गेले आणि वजनाचा आकडा बरा दिसताच एकटे सोडले गेले, ही त्यांची तक्रार होती.

घरच्यांसाठी काही सूचना

१९९९ साली लंडनमध्ये तयार झालेले पाच प्रश्न आजही प्राथमिक चाचणीसाठी वापरले जातात. पोट फार भरल्याच्या अस्वस्थतेमुळे मुद्दाम उलटी काढता का? खाण्यावरचा ताबा सुटल्याची चिंता वाटते का? गेल्या तीन महिन्यांत वजन सहा किलोंहून अधिक उतरले आहे का? इतर बारीक म्हणत असताना स्वतःला जाड वाटते का? अन्नाच्या विचाराने आयुष्य व्यापले आहे का? यांतील दोन किंवा अधिक उत्तरे ‘होय’ असली, तर डॉक्टरांना भेटावे. उत्तरे ‘नाही’ असली, पण वजन सतत उतरत असेल, पाळी थांबली असेल किंवा उपवास वाढत चालले असतील, तरीही भेटावे.

चक्कर येऊन पडणे, नाडी फार मंद होणे, छातीत धडधडणे, हातापायांत अतिशय अशक्तपणा, पाणीही न घेणे, अथवा जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शरीरावर शेरे मारणे थांबवावे. ‘किती बारीक झालीस, छान दिसतेस’ हे वाक्यही तितकेच घातक ठरते. कित्येकांचा आजार अशाच एका कौतुकाने बळावतो. लग्नकार्यात मावशी-आत्यांनाही आधी सांगून ठेवावे. जेवताना खाण्यावर चर्चा न करता सोबत जेवावे. जेवणानंतरचा अर्धा तास फार अवघड असतो. त्या वेळी एखादे काम, पत्ते, गप्पा असे काही योजावे.

मदत कोठे मिळेल? केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. पुण्यातील ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांच्या उपचारांसाठीही विमा देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. कारखान्यातून मिळालेल्या विम्यात हे कलम कसे लागू होते, ते पाळीच्या गडबडीत का होईना, एकदा विचारून ठेवावे. याच कायद्याने रुग्णाला त्याच्या उपचारांची माहिती मिळण्याचा आणि गोपनीयतेचा हक्कही दिला आहे.

ती मुलगी आज महाविद्यालयात शिकते. पूर्ण बरी आहे का? परीक्षेच्या दिवसांत जेवण अजून डळमळते आणि तेव्हा ती स्वतः फोन करते. गेल्या महिन्यात आली तेव्हा माझ्या तोंडावर तेच जुने वाक्य आले होते. मी ते गिळले आणि विचारले, “कशी आहेस?” ती बराच वेळ बोलत होती. बाहेर रुग्ण खोळंबले होते, तरी मी तिला थांबवले नाही.

वजनकाटा आता आतल्या खोलीत, पडद्यामागे आहे. ज्यांना आकडा बघायचा नसतो, ते काट्याकडे पाठ करून उभे राहतात आणि मदतनीस ताई तो न बोलता कागदावर लिहून माझ्याकडे देतात.